छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाय? आधी त्याचा अडॅप्टर उलटा करून बघा

सर, तुम्ही काय विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी समजुतीची चूक होत असेल तर तुम्हाला लगेच पकडता येईल. राजारामपुरीतला फ्लॅट, बारा बाय चौदाचा हॉल, सोफ्यापासून स्पीकर आठेक फुटांवर. स्पीकर घरात आहेतच, बुकशेल्फ, सहा ओहमचे, सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला किती आवाज देतो ते) ८६ डीबी, म्हणजे डेसिबल. ऐकणं मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत, रात्री टीव्हीच्या बातम्या, आणि सुट्टीला मुलगा आला की त्याची गाणी. बजेट बारा हजार. पुढ्यात चार पर्याय आहेत. एक, टीपीए३११६ आयसीचा (आयसी म्हणजे आतली मुख्य चिप) ब्लूटूथवाला छोटा डबा. दोन, टीपीए३२५५ आयसीचा जरा मोठा डबा, ३२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट. तीन, तोच डबा ४८ व्होल्टच्या अडॅप्टरसकट, जादा पैसे मोजून. आणि चार, मेव्हण्यांच्या माळ्यावर पडलेला जुना, इथंच कोल्हापुरात जुळवलेला एसटीके आयसीचा जडशीळ अ‍ॅम्प्लिफायर. यातलं काय घ्यावं, आणि पंजाएवढ्या डब्यावर ‘३०० वॅट’ कसे छापतात, हे तुम्हाला हवंय.

निर्णय आधी सांगून टाकतो. दुसरा पर्याय घ्या, ३२ व्होल्टवालाच. ४८ च्या नादाला लागू नका. मेव्हण्यांचा अ‍ॅम्प फुकट मिळत असेल तर तोही आणा, पण वीज लावायच्या आधी खाली लिहिलेल्या दोन-तीन गोष्टी बघा. आता कारणं.

३०० वॅटपासूनच सुरुवात करू, कारण निम्मा घोळ तिथंच आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३२५५ आयसीच्या माहितीपत्रकात एका चॅनेलला ३१५ वॅट असा आकडा खरोखर आहे. डबा बनवणारे तोच उचलून पुठ्ठ्यावर छापतात. पण त्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत तीन अटी असतात: स्पीकर चार ओहमचा हवा, पुरवठा पन्नास व्होल्टच्या वरचा हवा, आणि डिस्टॉर्शन दहा टक्के चालणार असेल तर. दहा टक्के म्हणजे आवाज चक्क फाटलेला. गणपतीच्या मिरवणुकीत शेवटच्या रात्री पोंगा जसा ओरडतो, तसला. तीच आयसी एक टक्क्यावर मोजली तर २६० वॅट देते, तेही चार ओहमला आणि तेवढ्याच व्होल्टला. तुमचे स्पीकर सहा ओहमचे आणि अडॅप्टर ३२ व्होल्टचा. मग आकडा कुठल्या कुठे उतरतो ते बघा.

मी दुकानात एक ढोबळ हिशेब वापरतो, शाळेतल्या गणिताएवढाच आहे. अडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा, त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा, आणि उत्तराचे ऐंशी टक्के धरा. आयसीतली आणि कॉइलमधली गळती त्या वीस टक्क्यांत येते. ३२ चा वर्ग १०२४, भागिले १२, म्हणजे ८५. त्याचे ऐंशी टक्के ६८. म्हणजे तुमच्या स्पीकरला एका बाजूला अडुसष्ट वॅट, स्वच्छ. छोट्या डब्याला २४ व्होल्ट दिले तर ३८ वॅट. लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तरी २४ वॅट मिळतात. हा हिशेब फक्त आजच्या या छोट्या डब्यांना लागू पडतो, कारण ते स्पीकरच्या दोन्ही तारा उलटसुलट ढकलतात (ब्रिज म्हणतात त्याला); जुन्या एसटीकेला तो लावू नका.

आता चौथा आकडा, ४८ व्होल्टचा. या हिशेबाने १५४ वॅट येतात, दोन्ही बाजूंचे मिळून तीनशेच्या वर. पण त्या अडॅप्टरवर लिहिलंय ४८ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार करा: २४० वॅट. म्हणजे अडॅप्टरच २४० द्यायला तयार आणि डबा म्हणतोय मी ३०० अधिक ३०० देणार. कुठून देणार? गंगावेस तालमीतला पैलवान केवढाही दांडगा असू दे, खुराक अर्धा केला तर कुस्ती अर्धीच होणार. आयसी म्हणजे पैलवान आणि अडॅप्टर म्हणजे खुराक. दुकानात गेलात तर डब्याच्या पुठ्ठ्यावरची अक्षरं वाचण्याआधी अडॅप्टर उलटा करा आणि तिथले व्होल्ट आणि अँपिअर बघा. खरा अ‍ॅम्प्लिफायर तिथं लिहिलेला असतो.

बरं, तुम्हाला लागतात किती वॅट? हे कुणी विचारतच नाही. ८६ डीबीचा स्पीकर साधारण एका वॅटला एक मीटरवर ८६ डीबी आवाज देतो. आठ फुटांवर तो कमी होतो, पण दुसरा स्पीकर आणि हॉलच्या भिंती थोडी भर घालतात. धरून चाला की सोफ्यावर ८३ डीबी पोचतो. घरात बसून गाणं ऐकताना सरासरी ७५ डीबी म्हणजे चांगला भरपूर आवाज, त्यावर शेजारी बेल वाजवतील. ७५ म्हणजे ८३ पेक्षा आठ डीबी कमी, आणि त्यासाठी लागणारी ताकद ढोबळमानाने वॅटच्या पाचव्या भागाएवढी. होय, ०.२ वॅट. बाकी सगळं असतं ते एकाएकी येणाऱ्या थापेसाठी. तबल्याच्या बायाँवरचा घिस्सा, ढोलकीची थाप, हलगीचा पहिला ठोका सरासरीच्या वीस डीबी वर उडतो, आणि वीस डीबी म्हणजे शंभर पट ताकद. ०.२ चे शंभर पट म्हणजे २० वॅट, क्षणभरासाठी. म्हणजे लॅपटॉपच्या अडॅप्टरवर चालणारा डबासुद्धा तुमच्या हॉलला जेमतेम का होईना, पुरतो. अडुसष्ट म्हणजे मोकळा श्वास. एकशे चोपन्न म्हणजे नुसता खर्च. शिवाय साठ-सत्तर वॅटच्या बुकशेल्फ स्पीकरवर मुलाने रंगात येऊन ४८ व्होल्टचा डबा पूर्ण उघडला तर जळेल ते स्पीकरचं कॉइल, अ‍ॅम्प मजेत राहील.

मग वॅट एवढेच लागत असतील तर पहिला, स्वस्त डबा का नको? इथं गोष्ट वॅटची उरत नाही, ती शांततेची होते.

टीपीए३११६ आयसी वाईट अजिबात नाही. साडेचार ते २६ व्होल्टपर्यंत काहीही द्या, चालते. शॉर्ट झाली, तापली, स्पीकरवर डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज) आला, तर स्वतःला बंद करून घेते. मी स्वतः माझ्या बेंचवर टेस्टिंगसाठी तीच ठेवली आहे. अडचण तिच्याभोवती जे बांधतात त्यात आहे. या आयसीचा गेन, म्हणजे आत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते, रेझिस्टरने ठरवता येतो: २०, २६, ३२ किंवा ३६ डीबी. फोनच्या बारीक आवाजातही डबा ‘दणक्यात’ वाजावा म्हणून कित्येक स्वस्त बोर्डांवर तो वर चढवून ठेवलेला असतो. परिणाम असा की गाणं थांबलं की स्पीकरमधून ‘सूंऽऽ’ ऐकू येतं. त्यात ब्लूटूथचा मॉड्यूल त्याच सप्लायवर बसवलेला असला की अधूनमधून बारीक चिवचिवाट. रिमिक्स ऐकणाऱ्याला याचा पत्ता लागणार नाही. तुम्ही ऐकणार अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याची गायकी. गायक श्वास घ्यायला थांबतो, तानपुरा एकटा राहतो, त्या जागी ही सूं सूं जवारीत मिसळते आणि तानपुरा धुरकट लागतो. खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी राहिले त्या गावात तरी तानपुरा स्वच्छ ऐकू यायला हवा.

म्हणून माझी दुकानातली परीक्षा सोपी आहे, त्याला मीटर लागत नाही. काहीही न वाजवता आवाज नेहमीच्या जागेवर ठेवायचा आणि स्पीकरच्या ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला) कान लावायचा. हातभर लांब झाल्यावर सूं ऐकू येऊ नये. मग नुसता तानपुरा, अगदी हळू. मग तबला सोलो, जरा मोठ्यांदा, डाव्याचा घुमारा पोकळ होतो का ते बघायला. एवढ्यात जे कळायचं ते कळतं.

या परीक्षेत टीपीए३२५५ चे डबे बहुतेक वेळा सरस ठरतात. ऐयिमाचा ए०७ आणि फोसीचा व्ही३ हे त्या जातीतले दोन सगळ्यांना ठाऊक असलेले. दोन्हींत आयसी तीच, पुढे एनई५५३२ ही आलेला बारीक सिग्नल सांभाळणारी छोटी चिप, म्हणजे ऑप-अ‍ॅम्प, एक व्हॉल्यूमची खुंटी, मागं आरसीएची जोडी (बाहेरून गाणं आत आणणाऱ्या तारांच्या गोल खाचा) आणि स्पीकरच्या खुंट्या. ब्लूटूथ नाही, रिमोट नाही. मला ही उणीव वाटत नाही. जेवढं कमी कोंबलंय तेवढी खरखर कमी. दोघांच्या आवाजात डोळे मिटून फरक सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. जिथं ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा नीट अडॅप्टर सोबत येतो आणि बिघाड झाला तर परत घेणारा विक्रेता आहे, तो घ्या. पाच अँपिअर म्हणजे १६० वॅट, आणि तुमच्या दोन्ही बाजूंचे मिळून १३६. इथं पैलवान आणि खुराक जुळतात.

या डब्यांची एक खोड मात्र सांगायला हवी. आयसी आपली चूक सुधारण्यासाठी आउटपुटचा नमुना परत आत घेते, पण साध्या जोडणीत तो नमुना शेवटच्या कॉइल आणि कंडेन्सरच्या आधीच उचललेला असतो. त्यामुळे त्या कॉइलचं वागणं स्पीकरच्या ओहमवर अवलंबून राहतं: आठ ओहमला अगदी वरचे स्वर किंचित उठतात, चार ओहमला किंचित बसतात. हल्ली काही डबे कॉइलच्या पुढून नमुना घेतात, जाहिरातीत त्याला पीएफएफबी लिहितात. ते तांत्रिकदृष्ट्या निश्चित चांगलं. पण हा फरक वीस किलोहर्ट्झच्या आसपासचा. मी साठीला आलो, माझे कान बारा किलोहर्ट्झलाच दार लावून घेतात. आणि केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या तुम्ही ऐकणार, त्यांत तिथवर काही पोचलेलंच नाही. चार पैसे जास्त देऊन पीएफएफबीवाला मिळाला तर घ्या, त्यासाठी अडून बसू नका.

आणखी एक. या डब्यांतले ऑप-अ‍ॅम्प सॉकेटवर असतात, हाताने उपटून दुसरे बसवता येतात. इंटरनेटवर लोक सांगतील, अमुक बसवा, पडदा उठतो, गायक समोर येऊन बसतो. सर, हा नाद खुळा आहे. एनई५५३२ गेल्या चाळीस वर्षांत असंख्य रेकॉर्डिंग स्टुडिओंच्या मिक्सरमध्ये बसलेली आहे; तुमची निम्मी गाणी मुळात तिच्यातूनच गेलेली आहेत. बदलायला आणलेले महागडे नग बनावट निघण्याचीच भीती जास्त. ते पैसे खिडकीच्या जाड पडद्याला घाला, राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या काचा आणि गुळगुळीत फरशी आवाजाचं जेवढं वाटोळं करतात तेवढं कुठलाच ऑप-अ‍ॅम्प करत नाही.

मुलाने ‘हा डिजिटल अ‍ॅम्प आहे का’ असं विचारलं तर सांगा, नाही. या छोट्या डब्यांच्या जातीला क्लास डी म्हणतात, पण त्यातला ‘डी’ डिजिटलचा नव्हे. ए, बी, सी झाले होते, पुढचं अक्षर डी, एवढंच. आत एक अतिवेगवान स्विच असतो, सेकंदाला चार-पाच लाख वेळा उघडझाप करणारा, आणि उघडा किती वेळ, बंद किती वेळ यातून गाण्याची लहर घडते. कल्पना जुनी आहे. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअरने १९६४ मध्ये याच तत्त्वावरचा एक्स-१० नावाचा किट बाजारात आणला होता, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर त्या वेगाला पुरे पडत नव्हते. स्विच पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असल्याने मध्ये उष्णता वाया जात नाही, म्हणून नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते आणि डबा पंजाएवढा राहतो. त्या उघडझापीचा एक उपद्रव आहे. त्या वारंवारतेच्या पटी मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येतात. घरात कुणी वडीलधारं सांगली आकाशवाणी मीडियम वेव्हवर लावत असेल तर रेडिओ डब्यापासून चार हात लांब ठेवा, नाहीतर बातम्यांच्या जागी घरघर ऐकू येईल. एफएमला हा त्रास सहसा होत नाही.

आता मेव्हण्यांचा अ‍ॅम्प. याच्याविषयी मला हळवं व्हायला होतं, कारण तसले शेकडो मी जुळवलेत. एसटीके४१४१ असेल तर पंचवीस अधिक पंचवीस वॅट, ४१९१ असेल तर पन्नास अधिक पन्नास. सान्योचे ते मॉड्यूल, २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर, ४७०० एमएफडीचे दोन कंडेन्सर, उद्यमनगरातून कापून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि वर काळ्या रंगाचं पत्र्याचं कॅबिनेट. आमच्या पिढीचा पोटापाण्याचा धंदा त्यावर चालला. आणि ते ‘वॅट’ खरे असायचे, कारण ट्रान्सफॉर्मर उचलतानाच कळायचं किती दम आहे ते. नीट जुळवलेला असेल तर ख्याल ऐकायला तो आजही काही कमी नाही. बेस-ट्रेबलच्या खुंट्या आहेत, त्या जुन्या रेकॉर्डिंगला उपयोगीच पडतात.

पण बघायचं काय? पहिली गोष्ट, तळाचा पत्रा काढा आणि ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी मातीची रेघ दिसते का ते बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कितीतरी घरांत शिरलं, आणि तेव्हा भिजलेले सेट वरून पुसून माळ्यावर गेले. वाइंडिंगमध्ये शिरलेला ओलावा आणि गाळ वर्षानुवर्षं राहतो. रेघ दिसली तर त्याला प्लगला लावायचं नाही, विषय संपला. दुसरी गोष्ट, मोठे कंडेन्सर. डोकं फुगलेलं असेल किंवा बुडाशी चिकट तपकिरी काही असेल तर बदलायचे. नसेल तरी वीस वर्षं झाली असतील तर बदलायचेच, नाहीतर हमिंग येत राहणार. तिसरी, स्पीकर लावण्याआधी स्पीकरच्या खुंट्यांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजायचे. काही दहा-वीस मिलिव्होल्ट ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर थांबायचं. या जुन्या अ‍ॅम्पची आयसी उडाली की तीस-पस्तीस व्होल्टचा डीसी सरळ स्पीकरवर येतो आणि कॉइल पेटतं. नव्या डब्यांसारखं स्वतःहून बंद होणं त्यांच्यात नाही. आणि आत्ता एसटीके उडालीच असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. सान्योचा तो विभाग २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला, आणि आज बाजारात त्या नंबरने मिळतं त्यात नक्कल भरपूर आहे. छपाई हुबेहूब आणि महिन्यात पुन्हा तेच.

कोल्हापूरच्या विजेचाही इथं संबंध येतो. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या आणि दाब २३० चा १९० वर आला की ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पचे आतले व्होल्टही त्याच प्रमाणात पडतात, आणि ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. अडॅप्टरवर ‘१००-२४०’ असं लिहिलेलं असतं, त्याला या चढउताराचं काही वाटत नाही, ३२ म्हणजे ३२. पण वळवाच्या पावसात मात्र उलट. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि कडाडलं की पहिला बळी जातो तो अडॅप्टरचा. ट्रान्सफॉर्मर असले फटके हसत झेलतो. गडगडाट ऐकू आला की प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचा शिक्का बघा. आणि कुणी सांगेल की साइनबोर्डवाल्यांकडे एलईडी पट्टीचा जाळीचा सप्लाय स्वस्तात मिळतो, २४ व्होल्ट, १० अँपिअर, तोच लाव. चालतो तो, मीही वापरलाय. पण त्याच्या २३० व्होल्टच्या खुंट्या उघड्या असतात. नातवंडं येणाऱ्या घरात तो हॉलच्या टेबलाखाली नको.

दोन पिनांच्या अडॅप्टरवर डब्याच्या पत्र्याला हाताची मागची बाजू फिरवली की बारीक झिणझिण लागते, त्याने घाबरू नका. आतल्या फिल्टरमधून होणारी ती अगदी किरकोळ गळती असते. झिणझिणीऐवजी झटका बसला तर मात्र अडॅप्टर फेकायचा.

जोडणीत एक चूक मी स्वतः केलीय, ती तुम्ही करू नका. एका गिऱ्हाइकाला हॉल आणि बेडरूम अशा दोन जोड्या एका बटणाने बदलायच्या होत्या. मी जुन्या सवयीने डबी बनवली, ज्यात सगळ्या स्पीकरच्या वजा तारा एकत्र बांधलेल्या. एसटीकेला ते चालायचं, कारण तिथं वजा म्हणजे ग्राउंड. या नव्या डब्यांत वजा खुंटीही जिवंत असते, तीही आपल्या परीने ढकलत असते. दोन्ही बाजूंच्या वजा एकमेकींना जोडल्या आणि बटण दाबलं. फट्. आयसीच्या सगळ्या संरक्षणांना न जुमानता ती गेली, आणि दुसरा डबा माझ्या खिशातून. तेव्हा डाव्या-उजव्याच्या वजा तारा एकमेकींना, किंवा कुठल्याही ग्राउंडला, कधीच जोडायच्या नाहीत. सबवूफर पुढेमागे घेतलात तर तोही स्पीकरच्या खुंट्यांवरून न घेता आरसीएवरून घ्या.

वायरीला फार डोकं लावू नका. घराच्या वायरिंगला वापरतात ती तांब्याची बारीक धाग्यांची दीड स्क्वेअर एमएमची जोडी घ्या. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन ०.१२ ओहम होतो, सहा ओहमच्या पुढं तो काहीच नाही. टोकाला बनाना पिन लावल्या तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकही सुटा धागा शेजारच्या खुंटीला टेकता कामा नये. आणि जून-जुलैत आपल्याकडची हवा जी ओली होते त्यात आरसीएच्या पिना हिरवटतात, व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर येते. दिवाळीला एकदा पिना काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, खुंटी पंधरा-वीसदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बस. डबा शोकेसच्या बंद काचेत ठेवू नका. तापतो कमी, पण वारा त्यालाही लागतोच.

राहिला टीव्ही. तुमच्या टीव्हीला मागं ऑप्टिकल आहे आणि डब्याला फक्त आरसीए, म्हणजे मध्ये छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ करून देणारी डबी) लागणार. हजार-दीड हजारात काम भागतं आणि ते बजेटमध्ये बसतं. ऑप्टिकल घ्या असा माझा आग्रह एका कारणासाठी आहे: त्यात तांब्याची तार नसते. केबल किंवा डिशच्या अर्थिंगमधून येणारी हमिंग डब्यापर्यंत पोचतच नाही. तोटा एवढाच की बऱ्याच टीव्हींत ऑप्टिकलचा आवाज रिमोटने कमी-जास्त होत नाही, उठून खुंटी फिरवावी लागते. वहिनींना बातम्यांसाठी ते जाचक वाटलं तर टीव्हीचा हेडफोन जॅक वापरा. निवेदकाचा आवाज ऐकायला तेवढं पुष्कळ झालं. मुलाच्या फोनसाठी ब्लूटूथचा वेगळा छोटा रिसीव्हर घ्या आणि तो गेला की काढून ठेवा.

डॅक लावलात आणि आवाजच आला नाही, तर तो बिघडलाय असं समजून परत पाठवू नका. दर महिन्याला एक तरी गिऱ्हाईक ही तक्रार घेऊन येतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, साउंड, मग डिजिटल आउटपुट. तिथं ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘ऑटो’ असेल, ते ‘पीसीएम’ करा. स्वस्त डॅकला डॉल्बीची भाषा कळत नाही, म्हणून तो गप्प बसतो. आपल्या गावात डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत, त्यामुळे ‘डॉल्बी बंद करा’ म्हटलं की माणसं माझ्याकडे पोलिसाकडे बघावं तशी बघतात. पण घरात ती खरोखरच बंद करायची आहे, टीव्हीच्या मेनूतली.

मेव्हण्यांचा सेट आणलात तर लावण्याआधी माझ्याकडे घेऊन या. नवा घेतलात तर नुसता अडॅप्टरच्या पाठीचा फोटो पाठवा, डब्याचा नको.